परतीचा नारळ

१

आमच्या गाडीत नेहमी दोन नारळ असतात. एक मिरजोळ्यातून निघताना फोडायचा, दुसरा तिकडून परत निघताना. परतीचा नारळ पोत्यात गुंडाळून माझ्या सीटखाली ठेवतात आणि प्रत्येक वळणावर तो माझ्या टाचेवर येऊन आदळतो. गाडी मीच चालवते.

भूगोलाची पदवी घेऊन मला मुंबईला जायचं नव्हतं, म्हणून मी म्हाताऱ्या माणसांच्या सहली सुरू केल्या. या धंद्यातलं माझं निम्मं काम एका शब्दाचं आहे: उठा. चहा झाला, उठा. दर्शन झालं, उठा. फोटो झाला, आता तरी उठा. "जरा बसू दे गो" हे इतक्या तोंडांतून ऐकलंय की झोपेतही माझ्या कपाळाला आठी पडते. यांना खिडकी हवी असते आणि वारा नको असतो. चहात साखर नको म्हणतात आणि पहिल्या घोटाला कडू म्हणून तोंड वाकडं करतात.

यंदा मंडळींना वाळवंट बघायचं होतं. टीव्हीवर कुठल्याशा वाळवंटातले तांबडे सुळके बघून सगुणाकाकूंनी हट्टच धरला. पण त्यांचा रक्तदाब, त्यात माझ्या मथुराआत्याचे गुडघे. दोन दिवसांची आगगाडी कुणालाच झेपली नसती. मी म्हटलं, वाळवंट इथेच दाखवते. भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला गेलं की एक सडा आहे. पावसाळ्यात तो फुलांनी भरतो, पण फेब्रुवारीत गवताची काडी उभी नसते. लांबच लांब उघडा कातळ आणि समुद्राकडच्या टोकाला जांभ्याचे मोठे दगड, झिजून झिजून बसलेल्या माणसांसारखे झालेले. फोटो टाकणारी पोरं त्याला 'कोकणातलं वाळवंट' म्हणतात. आसपासच्या वाड्यांतले लोक नुसतं 'बैठक' म्हणतात.

निघताना भागोजीकाकांनी चाकापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, ही आमची रीत.

"बा महाराजा, ही तुझी लेकरं आज वाळवंट बघायला निघालीत. गेली तशी परत येऊ देत रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

"आणि या राहीची घाई जरा कमी कर रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले, माझी आत्यासुद्धा, आणि मग हसले.

हसले ते मागाहून. होकार आधीच तोंडातून गेला होता. ही माणसं शब्द ऐकतच नाहीत. वाक्याचं शेपूट वर गेलं की यांचं तोंड आपोआप उघडतं. रावजीआजोबांना तर काहीच ऐकू येत नाही. जहाजाच्या इंजिनखोलीत त्यांचे कान गेले आणि कानाचं मशीन ते खिशात ठेवतात. तरी त्यांचा होकार कधी चुकत नाही. ते म्हणतात, मी गाऱ्हाणं घालणाऱ्याची हनुवटी बघतो.

नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, म्हणून काकांनी गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू केलं. नारळ फुटत नाही तोवर मागितलेलं लागू होत नाही, असं ते म्हणतात. मी म्हटलं, द्या इकडे, मी पटकन उरकते.

"तू गाडी हाक," काका म्हणाले. "द्येवाशी आमी बोलतो. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं ऐकलंस कदी?"

नारळ एकदाचा फुटला आणि ते भकलं उचलत होते तेवढ्यात मी गाडी चालू केली.

२

सड्यावर गाडी बैठकीपासून थोडी अलीकडेच थांबवावी लागते. पुढे कातळ फुटलेला आहे. खाली उतरल्यावर नेहमीचा गोंधळ झाला. टोप्या, काठ्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाची चप्पल सीटखाली. आत्याने गुडघ्याचा पट्टा आवळला आणि माझा दंड धरला. आईबाबा मुंबईला नोकरीत, त्यामुळे मला आत्यानेच वाढवलं. लहानपणी मी तिच्या बोटाला धरून चालायचे, ती मला ओढत न्यायची. आता मी तिला ओढते. दोघींनाही ते आवडत नाही.

बैठक खरंच बघण्यासारखी होती. माणसाएवढे काळसर तांबडे दगड, ओळींत नाही पण ओळी असाव्यात तसे, सगळ्यांचं तोंड समुद्राकडे. कुणी पाठीत वाकलेला, कुणी हात मांडीवर टाकलेला. दोन दगडांच्या मध्ये कातळाला खोलगट जागा होत्या, बूड टेकण्याजोग्या.

सगुणाकाकू म्हणाल्या, टीव्हीतल्यापेक्षा बरं आहे. मग त्या एका खोलगट्यात बसल्या. मग दुसरं कुणी, मग तिसरं. मी गटाच्या फोटोसाठी जागा ठरवून ठेवली होती, पण मला कुणी विचारलंच नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी गेला, लग्नाच्या पंगतीत बसावं तसा.

आत्या खाली टेकली आणि तिने डोळे मिटले.

"कसं मापाचं झालंय गो," ती म्हणाली. "गुडघा दुखतच नाही."

मला बरं वाटलं. मी चहाचे थर्मास आणायला गाडीकडे गेले.

३

चहा वाटला, लाडू वाटले. मग मी जरा बाजूला जाऊन फोटो काढत बसले. उन्हात कातळ चमकत होता. खाली समुद्र होता, पण त्याचा आवाज वर येत नव्हता. बराच वेळ गेला आणि मला काहीतरी खटकू लागलं. काय ते कळेना.

मग कळलं. कुणी कुरकुर करत नव्हतं.

चहा कडू आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. झाडाआड जायचंय, राही, आडोसा कुठे, असं कुणी विचारलं नव्हतं. ऊन लागतं म्हणून कुणी जागा बदलली नव्हती. दोन वर्षं मी या शांततेसाठी तळमळले होते आणि ती मिळाल्यावर माझ्या मानेवर काटा आला.

मी जवळ गेले. सगुणाकाकूंच्या हातात पेला तसाच होता आणि चहावर साय धरली होती. सायीवर तांबडी धूळ बसली होती. त्या समुद्राकडे बघत हसत होत्या. लाडवांना मुंग्या लागल्या होत्या आणि एक मुंगी काकूंच्या बोटावरून मनगटावर, मनगटावरून दगडावर चालत गेली, मध्ये कुठेही न अडखळता.

आत्याशेजारच्या दगडावर माझी नजर गेली, ती गुडघ्यावर. दगडाला गुडघा असावा तिथे. त्यावर जाळीचा आडवा पट्टा उमटला होता. उभे आडवे धागे, कडेला शिवण. आत्याच्या पट्ट्यावर असते तशी.

जांभा असतोच असा, मी स्वतःला म्हटलं. त्यातली माती पाण्याने वाहून जाते, जाळी उरते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुण मिळाले होते.

पुढच्या दगडाच्या घोट्याभोवती एक वळ होता. मोज्याचं इलॅस्टिक रुततं तसा. त्याबद्दल अभ्यासक्रमात काही नव्हतं.

४

"चला," मी म्हटलं. "उठा."

"जरा बसू दे गो," आत्या म्हणाली. डोळे न उघडता.

"आता निघायचं. उठा सगळे."

"जरा बसू दे." हे भागोजीकाका. त्यांचा आवाज सुकलेल्या पानासारखा होता.

मी आत्याला काखेत हात घालून उचललं. तिला उचलणं मला नवं नाही. तिचं वजन माझ्या हातांना पाठ आहे. ती हलली नाही. थोडी जड असती तर मी म्हटलं असतं की पाय आखडलाय. ती जड नव्हतीच, ती जमिनीची होती. तिचा हात उन्हात तापलेल्या पायरीसारखा गरम होता. मी पाण्याची बाटली तिच्या डोक्यावर ओतली. पाणी ओघळलं नाही. मे महिन्यात अंगणात मुरतं तसं मुरलं.

तेव्हा कुणीतरी गाऱ्हाणं घालायला लागलं.

मला वाटलं, काका. काकांकडे बघितलं तर त्यांचे ओठ मिटलेले होते. आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. दगडांच्या भोकांतून वारा जावा तसा तो होता, पण वारा पडला होता. शब्द नीट लागत नव्हते. चाल मात्र ओळखीची, आणि वाक्याचं शेपूट वर जाणारं.

"दमून आले ते विसावले रे महाराजा."

"होय महाराजा," माझी माणसं म्हणाली. डोळे मिटून, एका सुरात, सवयीने.

"नका म्हणू," मी ओरडले. "काय विचारतोय ते तरी ऐका."

"जागेवर बसले ते जागेचे झाले रे महाराजा."

"होय महाराजा."

प्रत्येक होकारानंतर ते आणखी थोडे स्थिर होत होते. सगुणाकाकूंच्या हातातला पेला कलंडला, चहा सांडला. बोटं पेला धरल्यासारखीच राहिली.

"यांच्यापायी कुणी खोळंबलेलं नाही रे महाराजा."

"होय महाराजा," माझी आत्या म्हणाली.

तोपर्यंत मला भीती वाटत होती. त्या वाक्याने माझं टाळकं फिरलं. मी खोळंबले होते. बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, देवळांच्या पायऱ्यांवर, संडासांच्या दारांबाहेर, या माणसांसाठी खोळंबण्याशिवाय मी दुसरं केलं काय होतं?

५

मी गाडीकडे धावले. हॉर्नवर हात दाबून धरला. सड्यावर तो आवाज दूरवर गेला आणि कुणीही मान वळवली नाही. फोनला रेंज नव्हती. वाडीत जाऊन माणसं आणायची म्हटलं तर तोपर्यंत इथे फक्त दगड राहतील, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पाय मागे घेतला तेव्हा टाचेला परतीचा नारळ लागला.

नारळ फुटत नाही तोवर मागितलेलं लागू होत नाही. त्या आवाजाचं मागणं अजून चालू होतं. म्हणजे त्याचाही नारळ अजून फुटलेला नव्हता.

मी पोतं फेकलं आणि नारळ घेऊन परत पळाले. बैठकीच्या पुढच्या टोकाला, सगळ्या दगडांची तोंडं होती तिकडे, आता एक दगड उभा होता. बसलेल्यांमध्ये उभा दगड मी फोटोत बघितला नव्हता, सकाळी बघितला नव्हता. ऊन थेट त्याच्या मागे होतं, त्यामुळे मला फक्त हात दिसला. डोक्यावर उचललेला. मुठीत काहीतरी गोल. तो खाली येत होता. घड्याळाचा काटा सरकताना दिसत नाही तसा, पण येत होता.

मी त्याच्याकडे पाठ केली. काकांना बघून एवढं शिकले होते: गाऱ्हाणं घालताना तोंड आपल्या माणसांकडे हवं.

६

"बा महाराजा," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. "ही बघ सगुणाकाकू. हिला चहा बिनसाखरेचा लागतो आणि तो गोडही हवा असतो. हिचा चहा गार झालाय रे महाराजा."

कुणी काही म्हणालं नाही. मागून त्याचं वाक्य आलं, माझ्या वाक्यावर पाय देऊन. सगळ्यांनी त्याला होकार भरला.

सगळ्यांनी नाही. रावजीआजोबांचे ओठ हलले नव्हते.

मशीन त्यांच्या खिशात होतं. त्या दगडाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. ते उन्हात, इतरांना बघून बसून राहिले होते एवढंच, आणि त्यांचे डोळे किलकिले का होईना, उघडे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हनुवटी उचलली, काका उचलतात तशी, मुद्दाम, मोठी.

"हे रावजीआजोबा. यांचा नातू मोठ्या बोटीवर आहे, आज संध्याकाळी त्याचा फोन यायचाय. फोन यांनीच घ्यायचाय रे महाराजा."

"होय महाराजा," रावजीआजोबा म्हणाले.

त्यांचा आवाज इंजिनखोलीत कमावलेला. तो सड्यावर दणकला. शेजारच्या आजींची मान किंचित वळली.

मग मी थांबले नाही. मला काकांसारखं गोड बोलता येत नाही, मी बोलते तशीच बोलले. भागोजीकाका स्वतःच्याच घरात चप्पल शोधत फिरतात, त्यांना घरी जाऊन शोधू दे रे महाराजा. होय महाराजा. आता दोन आवाज होते, मग तीन. मागचा आवाज वाढला. मी त्याच्यावर आवाज चढवला. गोळ्या विसरणारे, खिडकीसाठी भांडणारे, पन्नासदा तीच गोष्ट सांगणारे, एकेकाचं नाव घेतलं, एकेकाची खोड देवाला सांगितली. होय महाराजा. होय महाराजा. काकांच्या गालावरची धूळ तडकली आणि सुरकुतीतून खाली पडली.

शेवटी आत्या राहिली.

"ही मथुरा. हिने मला वाढवलं. हिच्यापायी मी रोज खोळंबते, उद्याही खोळंबणार आहे, आणि ते कुणी काढून घ्यायचं नाही रे महाराजा."

आत्याने डोळे उघडले. तिच्या पापण्यांतून तांबडी माती गळली.

"होय महाराजा," ती म्हणाली.

माझ्या मानेवर सावली पडली. हाताची. मी वर बघितलं नाही. नारळ उचलला आणि मनात आलं ते सरळ म्हटलं, शब्द न निवडता.

"या बैठकीत जे जे येऊन बसले, ते सगळेच्या सगळे आज आपापल्या घरी जाऊ देत. आणि तू मध्ये पडायचं नाहीस रे महाराजा."

"होय महाराजा."

माझी माणसं म्हणाली, आणि त्यांच्यामागून, त्यांच्यामधून, कोरड्या, घोगऱ्या, खूप दिवस न वापरलेल्या आवाजांनी बाकीचेही म्हणाले.

मी नारळ कातळावर आपटला. एका फटक्यात दोन भकलं झाली. पाणी उडालं, आणि मागे काहीतरी जड, न फुटता, कातळावर पडून घरंगळत गेलं.

७

"माझा चहा कुणी सांडला?" सगुणाकाकू म्हणाल्या.

इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मग सगळे एकदम सुरू झाले. ऊन किती, पाय मुंग्यांनी भरला, आडोसा कुठे आहे गो, ही कसली जागा आणलीस, जल्लं तुझं वाळवंट. मी त्यांना एकेक करून उठवलं आणि त्यांची एकेक शिवी कपाळाला लावून घेतली. मागे वळून बघितलं नाही. त्यांनाही बघू दिलं नाही.

गाडी सड्यावरून उतरून चढाला लागली आणि पुढे सरेना. पहिल्या गिअरवर इंजिन रडत होतं, स्प्रिंगा बसल्या होत्या. माझी मंडळी तर पुढेच दाटीवाटीने बसली होती. मागच्या सीटा रिकाम्या होत्या, म्हणजे येताना रिकाम्या होत्या. मी आरशाला हात लावून तो छताकडे फिरवला.

"मागच्यांनी जरा पाय आत घ्या हो," सगुणाकाकू म्हणाल्या, मागे न बघता. म्हाताऱ्यांना गाडीतल्या माणसांशी बोलायला ओळख लागत नाही.

एका फाट्यावर पत्र्यावर दोनदा थाप पडली, एसटीत मारतात तशी. मी गाडी थांबवली. दार उघडलं.

"सावकाश हां," आत्या म्हणाली. "पायरी उंच आहे."

दार लागलं. गाडी थोडी वर उचलली गेली. पुढच्या वाडीत पुन्हा थाप. मग काजूच्या बागेपाशी. एका घरासमोर थांबले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि अंगणात एक बाई तुळशीपुढे दिवा लावत होती. आमच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला तशी तिने मान वर केली. हातातली काडी विझली. ती उभी राहिली आणि तिचा हात आधी तोंडाशी गेला, मग पुढे. तिने काय बघितलं ते मी बघितलं नाही. मी क्लच सोडला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते.

भाट्याच्या पुलावर गाडी वाऱ्यासारखी पळाली. मागे माती होती फक्त, सीटांवर. ती मी दुसऱ्या दिवशी झाडली.

बैठक आता नाही. चिरे काढणाऱ्यांनी दगड पळवले, असं लोक म्हणतात. कातळावर नुसते खोलगटे आहेत आणि टोकाला एकच दगड उभा आहे म्हणे, हात खाली सोडून. मी बघायला गेले नाही.

पुढची सहल आंजर्ल्याच्या गणपतीची ठरली. सकाळी सगळे चाकापुढे जमले आणि मी सवयीने सीटवर जाऊन बसले. भागोजीकाका खिडकीपाशी आले. नारळ त्यांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, देवाशी तुम्ही बोलता ना?

"उतर गो खाली," काका म्हणाले. "घाल लवकर. उशीर होतोय."

मी उतरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. रावजीआजोबांनी माझ्या हनुवटीकडे बघितलं. आत्याने गुडघ्याचा पट्टा आवळला.

"बा महाराजा," मी म्हटलं, "हे सगळे माझे आहेत. जातील तसे परत येतील रे महाराजा."

त्यांनी होकार भरला. या खेपेला, मला वाटतं, ऐकून.